गाठोडं पुढे, बाई घरात

आमच्या घरमालकिणीचा आवाज असा होता, की पिंपरीत नव्या कंपनीनं भोंगा बसवायचं काढलं तेव्हा आधी तिला विचारायला हवं होतं, असं गाव म्हणायचं. विचारलं असतं तर तेवढं लोखंड वाचलं असतं.

तो भोंगा ती मुळीच मानत नसे. सकाळी तो वाजायला लागला की अंगणात उभी राहून त्याच्या दिशेनं हात उगारायची, "कळलं रं, उठलोय आमी! गप आता!" आणि भोंगा गप्प व्हायचा. भोंगा ठरल्या वेळी आपणच गप्प होतो हे मलाही कळतं, मी त्याच कंपनीत कामाला होतो. पण ती घरात असताना तिच्या ओरडण्याशिवाय तो थांबला, असं माझ्या तिथल्या मुक्कामात एक दिवस सोडला तर घडलेलं नाही.

आम्ही तिला आत्या म्हणायचो. ती आम्हाला 'माझी ढोरं' म्हणायची. त्यात शिवी नव्हती. आमच्या खोल्या म्हणजे मूळचा गोठाच, मधे कुडाच्या भिंती घालून केलेला. खऱ्या म्हशी पलीकडच्या नव्या गोठ्यात होत्या आणि त्यांना वारा जास्त लागायचा. एका भाडेकरूनं त्याबद्दल कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "तू दूध दे, तुलाबी तिकडं बांधते."

एकदा म्हशी रूळ ओलांडत असताना स्टेशनमास्तर धावत आला. म्हशी रुळांवर आणायच्या नाहीत, असं त्यानं सांगितलं. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, ह्या वाटंनं माझ्या सासूच्या सासूच्या म्हशी जात हुत्या. तुमचं रूळ म्हशींच्या वाटंत आल्यात. उचला." त्या दिवशी लोणावळ्याकडची गाडी म्हशी निवांत पलीकडे जाईपर्यंत उभी राहिली. लोक म्हणतात गाडीचं पाणी संपलं होतं. लोक काहीही म्हणतात.

आता कुत्र्याचं सांगतो.

कंपनीच्या शेडा बांधून झाल्या आणि ठेकेदाराची टोळी एका सकाळी झोपड्या मोडून, पत्रे गाड्यांवर लादून निघून गेली. तिथं उरल्या तीन दगडांच्या काळ्या चुली, फुटकी मडकी आणि खुंटाला बांधलेलं एक कुत्रं. सिमेंटच्या रंगाचं, एक कान फाटका, आणि बरगड्या अशा, की पेटी म्हणून वाजवावं. टोळी ज्या वाटेनं गेली त्या वाटेकडे तोंड करून ते रडत होतं. आत्या डोक्यावर दुधाची चरवी घेऊन निर्वासितांच्या कॅम्पात दूध घालायला चालली होती. तिनं चरवी उतरवली, कमरेचा विळा काढला आणि दोरी कापली.

रखवालदार धावला. "बाई, ते कंपनीच्या जागेतलं आहे!"

"मग कंपनीनं भाकरी घातली का त्याला?"

"नाही."

"मग बोंबलू नगंस. खुंटा ठेवलाय कंपनीला."

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "पाव्हणा हाय. दोन दिस ऱ्हाईल." तेव्हापासून त्याचं नाव पाव्हणा. ते दोन दिवस काही कधी संपले नाहीत.

पाव्हणा तसा सज्जन होता. आत्या घरात असली की असा निमूट पडून राहायचा, की पाहणाऱ्याला वाटावं घोंगडीच आहे. पण तिनं दूध घालायला पाऊल बाहेर टाकलं, की सुरू व्हायचा. आधी वंगण नसलेल्या चाकासारखी कुरकुर, मग उंच, मग त्याहून उंच. खडकीच्या छावणीत एकदा भर दुपारी अख्खी पलटण बंदुका घेऊन कवायतीला उभी राहिली होती, ती पाव्हण्यामुळे, असं मला एका शिपायानं शपथेवर सांगितलंय. कंपनीचा भोंगा त्यात मिसळला की विचारूच नका. दारं आपोआप लागत आणि दुधं नासत.

माझ्या शेजारच्या खोलीत मालवणचा एक फिटर राहायचा. कायम रातपाळी, दिवसा झोप. तो लाल डोळ्यांनी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "आत्यानू, माका झोप नाय ओ. त्येका बांधून तरी घाला."

"बांधायचं न्हाई," आत्या म्हणाली. "बांधून सोडून गेलं म्हनून तर त्ये असं झालंया. तू कानात बोळं घाल."

खरं संकट दुसरीकडून आलं. तिचा धाकटा दीर गावचा पाटील होता. मिशा एवढ्या, की बोळातून जाताना आधी एक बाजू घालावी लागे आणि मग दुसरी. त्याच्या घरी मुलगी बघायला तळेगावकडची मंडळी आली होती. पोहे झाले, मुलीनं नाव सांगितलं, आणि तेवढ्यात पाव्हण्यानं सूर लावला. कुत्रं रडणं म्हणजे घरात मरण. मुलाच्या बापानं सुपारी तबकात परत ठेवली आणि मंडळी चहा न घेता उठली.

पाटलानं आत्याला चावडीवर बोलावलं. पंच बसले होते. पाटलाच्या मांडीवर ठासणीची बंदूक होती. ती त्याच्या आजोबांनी एकदा रानडुकरावर झाडली होती, आणि डुक्कर म्हातारपणानं वारलं, असं गावात बोलत. पण कुत्रं खुंट्यासारखं समोर उभं केलं तर तीही लागली असती.

"वैनी, त्ये कुत्रं म्या गोळी घालनार."

"घाला की. आधी मला घाला. मी बी लई वरडते."

पंच हसले. पाटील हसला नाही. मुलीच्या लग्नाचं होतं, त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्या पंचानं तोड काढली. आत्याच्या लेकीला आळंदीला मुलगी झाली होती. बारशाला आत्याला जावं लागणारच, पहाटे निघून दिवेलागणीला परत. त्या दिवशी कुत्रं घरी एकटं राहील. रडलं, तर पाटलाच्या हवाली. नाही रडलं, तर पाटलानं पुन्हा कुत्र्याचं नाव काढायचं नाही.

"कबूल," आत्या म्हणाली. "रडलं तर माझ्या हातानं आनून देते. पर न्हाई रडलं, तर भावजी, माझ्या दारावरनं जाताना मिशा खाली करून जायचं."

घरी येताना मी म्हटलं, "आत्या, हे काय कबूल करून बसलात? चरवीला हात लावला तरी तो रडतो."

ती थांबली. वाटेतच उभी राहिली. "काय म्हनालास? चरवीला हात लावला तरी?"

घरी जाऊन तिनं चरवी उचलली. पाव्हण्यानं डोकं वर केलं. डोक्यावर ठेवायची चुंबळ उचलली, तो थरथरायला लागला. पायात वहाणा घातल्या, कुरकुर सुरू. ती अजून घरातच होती!

"बगितलंस?" आत्या म्हणाली. "ह्याला जान्याचं भ्या न्हाई. ह्याला तयारीचं भ्या हाय. त्या टोळीनं बी आधी पत्रं काडलं असतील, मग भांडी बांधली असतील, आन ह्यो बगत बसला असंल."

दुसऱ्या दिवसापासून गावाला वाटलं, आत्याला वेड लागलं. डोक्यावर चुंबळ ठेवून ती भाकऱ्या थापायची. चुंबळ ठेवून धुणं, चुंबळ ठेवून भांडण. कॅम्पात जायचं ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि लसूण सोलत बसायची. वहाणा घालून चुलीपाशी यायची, काढायची, पुन्हा घालायची. चरवी उचलायची आणि दोन पावलांवर खाली ठेवायची. आधी पाव्हणा दर वेळी उठायचा. मग नुसतं डोकं उचलायला लागला. मग एक डोळा. शेवटी शेवटी तर असा कंटाळला, की चरवीचा आवाज आला की कूस बदलायचा.

मग ती बाहेर पडायला लागली. विहिरीपर्यंत, आणि त्याची कुरकुर सुरू व्हायच्या आत परत. मग मारुतीच्या देवळापर्यंत. मग रेल्वेच्या फाटकापर्यंत. जाताना एका जुनेऱ्याला गाठी मारून त्यात भाकरीचे तुकडे लपवून द्यायची. तो गाठी सोडवत बसायचा. परत आल्यावर त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

"आत्या, निदान पाठीवरून हात तरी फिरवा."

"कशापाई? मी काय लढाईवरनं आले? परत येनं ही काय आरती करायची गोष्ट हाय का?"

माझं काम ऐकण्याचं. सुट्टीच्या दिवशी मला परसातल्या कडुलिंबावर बसवायची. ती गेल्यावर कुत्रं कितीदा बोललं ते आल्यावर सांगायचं. मी उतरताना विचारायची, "कुठवर टिकला?" मी म्हणायचो, "फाटकापर्यंत." तिच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. पण त्या दिवशी माझ्या ताटात ताकाऐवजी दही पडायचं.

आणि सगळ्यात मोठी युक्ती तर तिनं पाटलाकडूनच उचलली. आपल्याकडे प्रस्थान ठेवायची रीत आहे. जायचा दिवस वाईट असला, की आदल्या चांगल्या वेळेला आपलं गाठोडं देवळात नाहीतर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालं असं धरतात. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी कुठल्याही वेळेला निघा. पाटील ह्या बाबतीत एवढा कडक, की चिंचवडला हजामतीला जायचं तरी प्रस्थान ठेवी. एकदा त्यानं पुण्याला जायचं गाठोडं मारुतीच्या देवळात ठेवलं आणि मग जायचा कंटाळा केला. त्या आठवड्यात तलाठी वसुलीचं विचारायला आला, की पाटील आतूनच ओरडे, "पाटील पुन्याला गेल्यात!" तलाठी देवळात जाऊन गाठोडं बघे आणि परत जाई.

आत्यानं रोजच प्रस्थान ठेवायला सुरुवात केली. आदल्या संध्याकाळी पाव्हणा झोपला, की वहाणा न्हाव्याच्या ओसरीवर, चुंबळ सुताराकडे, चरवी देवळात. सकाळी मोकळ्या हातांनी, अनवाणी, जणू परसात चालल्यासारखी बाहेर पडायची आणि गावातून एकेक वस्तू गोळा करत जायची. दारातून निघालेली बाई वेशीपाशी कुठं पुरी व्हायची.

पाटील ओरडला, "वैनी, तुमचं प्रस्थान गावभर सांडलंय!"

"तुमचंच बगून शिकले, भावजी."

बारसं सोमवारी होतं. आळंदी पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेला जाऊ नये. तेव्हा रविवारी सकाळी आत्यानं देवळात गाठोडं नेऊन ठेवलं. आत बाळाची झबली, टोपडं, गुळाचा खडा. आणि घरी येऊन वाल सोलत बसली.

थोड्या वेळात पाटील देवळात गेला. गाठोडं दिसलं. त्याला बारशाचा वार कुठला आठवायला! वैनी गेली, एवढं त्याला कळलं. तो तडक पंचांना घेऊन आला, बंदुकीसकट, आणि आत्याच्या दारासमोर घोंगडी टाकून बसला.

मी माझ्या ओसरीवर होतो. मला आतली आत्या दिसत होती आणि बाहेरचा पाटीलही. आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. वाल सोलायचं काम तिनं थांबवलं नाही.

"आता ऐका," पाटील पंचांना म्हणाला. "चालू हुईल."

ऊन चढलं. पंच सावलीला सरकले. भोंगा झाला. आत्यानं त्याला ओरडायला तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. भोंगा त्या दिवशी न सांगता थांबला, तेवढा एकच दिवस. पाव्हणा दारातून गुपचूप पंचांकडे बघत होता.

"पाटील, कुत्रं गप हाय राव," म्हातारा पंच म्हणाला.

"जरा थांबा."

"आनी किती? कालवन झालं असंल घरी."

पाटलानं एक खडा पत्र्यावर मारून बघितला. पाव्हण्यानं खड्याकडे बघितलं. शेवटी पंच उठले. म्हातारा म्हणाला, "पाटील, हरलासा. बोला, हरलो म्हना."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हरलो."

तेव्हा आत्या तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आली. "ताक घ्या, भावजी. उनाचं बसलासा."

पाटलाचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. मिशा दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या. "तू... तू घरात हाईस?"

"छ्या! मी आळंदीला गेल्ये. देवळात बगा, गाठोडं गेलंया. गाठोडं गेलं म्हंजे मानूस गेलं, असं तलाठ्याला कुनी सांगितलं हुतं?"

पंच एवढे हसले, की एकाच्या नाकातून ताक आलं. पाटील मिशा आवरत बसला. रीत त्याची, साक्षीदार त्याचे, आणि 'हरलो' त्याच्याच तोंडून गेलेलं. तिथंच सगळं मिटलं असतं. पाव्हणा वाचला होता. मी तर आनंदानं खाली उतरलो.

पण आत्यानं तांब्या खाली ठेवला आणि हात वर केला.

"थांबा. हसू नका. माझं कुत्रं असल्या इकमतीवर जगायचं न्हाई. उद्या मी खरंच जानार हाय. उद्या ऐका. आन एक. दारात कुनी बसायचं न्हाई. तुमी बसलासा तर त्ये एकटं कसलं? माझी ढोरंबी बाहेर काडते. एकटं म्हंजे एकटं."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या, जिंकलं होतं की! कशाला परत जीव टांगणीला लावताय त्याचा?"

"जिकलं ते मी," ती म्हणाली. "त्यानं कुटं जिकलंय?"

सोमवारी उजाडता ती निघाली. हातात काही नाही, पायात काही नाही. वळून बघितलं नाही. वेशीपलीकडे बैलगाडी उभी होती. दार उघडंच होतं, कारण बांधायचं नाही म्हणजे कोंडायचंही नाही.

सगळं गाव चावडीवर जमलं. तिथून बोळातलं तिचं दार सरळ दिसतं. पीठगिरणीवाल्यानं गिरणी बंद ठेवली, लोहारानं भाता सोडला. बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवून उभ्या. मालवणचा फिटर चावडीच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. पाटलाच्या मांडीवर बंदूक होती. मी त्या दिवशी खाडा केला.

सकाळ गेली. दुपार झाली. दारात काही हललं नाही. गाठींतली भाकरी आता संपली असणार, हे मला कळत होतं. मग दुपारपाळीचा भोंगा झाला.

भोंग्याबरोबर पाव्हणा दारात आला. त्यानं बोळाच्या ह्या टोकाकडे बघितलं. त्या टोकाकडे बघितलं. आत्या नाही. उंबऱ्यावर बसला. पाटलानं बंदूक उचलली. पाव्हण्यानं मान वर केली, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं. उघडलं ते उघडलं, पार गळ्यातली पडजीभ दिसेपर्यंत. चावडीवर कुणी श्वास घेतला नाही. तिकडे आळंदीला इंद्रायणीसुद्धा तेवढा वेळ थांबली असावी.

त्यानं जांभई दिली.

मग उठला, तीन फेऱ्या घातल्या आणि उंबऱ्यावरच झोपला. पाटलानं बंदूक खाली ठेवली. कुणी टाळी वाजवली नाही, तो जागा होईल म्हणून.

दिवेलागणीला आत्या आली. चावडीवर सगळे तसेच. तिनं विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. तिनं ओच्यातल्या बारशाच्या घुगऱ्या काढल्या आणि पहिली मूठ पाटलाला दिली. "घ्या भावजी, नातीचं बारसं." पाटलानं दोन्ही हातांनी मिशा खाली केल्या आणि घुगऱ्या घेतल्या.

ती घरी गेली. पाव्हण्यानं एकदा शेपूट जमिनीवर आपटलं. "काय रं, पाव्हण्या," एवढंच म्हणून ती चुलीपाशी बसली. मी ओसरीवरून बघत होतो. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चूल अजून पेटवायची होती.

पुढे कंपनी वाढायला निघाली आणि आत्याचं घर, आमच्या खोल्या, गोठा, सगळं तिच्या वाटेत आलं. एक साहेब आले. अमुक तारखेच्या आत जागा सोडून जावं, असं त्यांनी तिला वाचून दाखवलं. आत्यानं शांतपणे ऐकलं. एवढी शांत ती कधी नसे. मी घाबरलो.

"जाते की," ती म्हणाली. आणि त्याच दिवशी देवळात गाठोडं ठेवून आली.

मुदत संपल्यावर साहेब पुन्हा आले. आत्या दारात मिश्री लावत बसलेली. पायाशी पाव्हणा.

"बाई, तुम्ही गेला नाहीत?"

"गेल्ये की, सायेब. गावाला इचारा."

साहेबांनी पाटलाला बोलावलं. पाटलाच्या मुलीचं लग्न एव्हाना झालेलं होतं, पाव्हण्याच्या साक्षीनं, तोंडातून एक शब्द न काढता. साहेब म्हणाले, "पाटील, तुम्ही सरकारी माणूस. खरं सांगा. ही बाई जागा सोडून गेली की नाही?"

पाटील साहेबांना देवळात घेऊन गेला. गाठोडं दाखवलं. परत येऊन आत्याच्या दारासमोर उभा राहिला. त्यानं मिशीला पीळ दिला, वर, चांगला कानापर्यंत, आणि म्हणाला,

"गेली, सायेब. गाठोडं गेलं म्हंजे बाई गेली. आमच्यात असंच धरत्यात."

"पण ती समोर बसली आहे!"

"त्ये तुमाला दिसतंय तसं. रीत रीत हाय."

साहेब किती वेळ तिथं उभे होते, आणि नंतर कितीदा आले, ते सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. मी पिंपरी सोडली तेव्हा गाठोडं देवळातच होतं, शेंदूर लागून लालभडक झालेलं, आणि नवस बोलणारे त्यालाही नारळ फोडत. पण त्या दिवशीचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. साहेब देवळाकडे बघत होते, पाटील साहेबांकडे. पाव्हणा तेवढा आत्याकडे बघत होता. मग भोंगा झाला, आत्यानं हात उगारला, "कळलं रं!" आणि पाव्हण्यानं साहेबांच्या तोंडावर जांभई दिली.